महायुद्धाचा बोहाडा

फळ्यावर मी चार शब्द लिहिले: साम्राज्यवाद, राष्ट्रवाद, लष्करवाद, गुप्त करार. खाली रेघ मारली आणि वर्गाकडे वळून म्हणाले, "ही पहिल्या महायुद्धाची कारणं. वहीत उतरवून घ्या."

नववीच्या मुलांनी माना खाली घालून उतरवून घेतलं. मी विचारलं, "समजलं?"

"हो बाई," सगळे एका सुरात म्हणाले. तो सूर मला चांगला ओळखीचा झाला होता. समजलेलं नसलं की तो इतका एकसारखा निघायचा.

मोखाड्यापासून जीपने अर्ध्या तासावरच्या एका आश्रमशाळेत मी इतिहास आणि राज्यशास्त्र शिकवते. मूळची बार्शीकडची, त्यामुळे आमच्या सपाट मुलखातून इथल्या डोंगरांत आले तेव्हा पहिले काही महिने मला मुलांचं बोलणं नीट कळायचं नाही आणि माझं त्यांना. घरी कोणी वारली बोलायचं, कोणी कोकणा, कोणी ठाकरी. शाळेतली मराठी त्यांच्यासाठी शिकायचीच एक भाषा होती, आणि त्या भाषेत मी 'साम्राज्यवाद' असा धोंडा त्यांच्यापुढे टाकला होता.

तेवढ्यात मागच्या बाकावरून आवाज आला, "बाई, झगडा कोनाचा होता ते तरी सांगा आधी."

ही मुलगी आमच्या खो-खो संघाची कप्तान. पोशेऱ्याकडच्या एका पाड्यावरची. वर्गात ती सहसा बोलत नसे, मैदानावर मात्र तिचा आवाज स्वयंपाकघरापर्यंत ऐकू जायचा. तिने विचारलेला प्रश्न इतका सरळ होता की मी फळा पुसून टाकला.

"बरं," मी म्हणाले, "एक युवराज होता. ऑस्ट्रिया नावाच्या मोठ्या राज्याचा. तो बायकोला घेऊन एका गावाला भेट द्यायला निघाला, मोटारीतून."

वह्या मिटल्या. मी सांगत गेले. त्या गावातल्या काही तरुणांना ऑस्ट्रियाचं राज्य नको होतं. सकाळी एकाने मोटारीवर बॉम्ब फेकला, तो मागे पडला, दुसऱ्या गाडीतली माणसं जखमी झाली. युवराज वाचला. कार्यक्रम उरकून तो म्हणाला, त्या जखमी माणसांना दवाखान्यात भेटून येऊ. रस्ता बदलला, पण ड्रायव्हरला ते कोणी सांगितलंच नाही. त्याने आधी ठरलेल्या वळणावर गाडी घातली. कोणीतरी ओरडलं, चुकला, मागे घे. गाडी मागे घ्यायला तो थांबला, आणि ती थांबली नेमकी त्या तरुणांपैकी एकाच्या समोर. त्याच्याकडे पिस्तूल होतं.

दुसऱ्या रांगेतल्या एका मुलाचे वडील मोखाडा-जव्हार रस्त्यावर जीप चालवतात. तो एकदम उभाच राहिला.

"बाई, रस्ता बदलला तर डायवरला नको का सांगायला?"

"सांगायला हवं होतं."

"मंग डायवर काय करनार? तेला आधी सांगितला तेच रस्त्याने तो जानार!"

"युवराज मेला?" कोणीतरी विचारलं.

"मेला. त्याची बायकोही."

"आन् म्हनून सगळे जगाचा युद्ध?" खो-खोची कप्तान म्हणाली. तिच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं की तिचा यावर विश्वास बसलेला नाही. मी उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि तास संपल्याची घंटा झाली.

दुसऱ्या दिवशी मी वर्गात शिरले तेव्हा मुलं आधीच बसलेली होती. जीपवाल्याच्या मुलाने रात्री वसतिगृहात सगळ्यांना ती गोष्ट पुन्हा सांगितली होती, आणि त्याच्या गोष्टीत ड्रायव्हर हाच मुख्य माणूस झाला होता. मी फळ्यावर युरोपचा नकाशा काढला. कोणाची कोणाशी दोस्ती, कोणी कोणाला शब्द दिला होता, ते बाणांनी दाखवलं. मारणाऱ्यांमागे सर्बियाचा हात आहे म्हणून सर्बियावर ऑस्ट्रिया चालून गेला. सर्बियाच्या बाजूने रशिया उठला. ऑस्ट्रियाच्या बाजूने जर्मनी. रशियाच्या बाजूने फ्रान्स, मागून इंग्लंड.

"बाई, हा तर आमचे पाड्यावरचे हळदीसारखा झाला," एक मुलगी हसू दाबत म्हणाली.

"सांग की."

तिने सांगितलं. मागच्या उन्हाळ्यात तिच्या मावशीच्या हळदीला दोन पोरांची बँजोवर कुठलं गाणं वाजवायचं यावरून बाचाबाची झाली. एकाने दुसऱ्याची कॉलर धरली. मग पहिल्याचा मामा आला. मामाला ढकललं म्हणून मामाच्या गावचे आले. त्यांना बघून नवरीकडचे उठले. नवरीकडच्यांची सोयरीक ज्या पाड्यावर, तिथली माणसं म्हणाली, आम्ही बसून राहिलो तर उद्या तोंड कसं दाखवायचं. मांडवाची एक बाजू खाली आली.

"आन् ती पहिली दोन पोरं?" मी विचारलं. माझ्याही तोंडी त्यांचं 'आन्' आलं होतं.

"ती तर जेवाय बसली व्हती, बाई! एकाच पंगतीला!"

सगळा वर्ग खदाखदा हसला. मीही हसले. शेजारच्या वर्गातून गणिताचे सर डोकावून गेले. त्या दिवशी मी पुन्हा फळ्यावर 'गुप्त करार' लिहिलं, आणि पहिल्यांदाच मुलांनी ते शब्द आपणहून मोठ्याने वाचले.

स्नेहसंमेलन तीन आठवड्यांवर आलं होतं. मुख्याध्यापकांनी सगळ्या वर्गांना ताकीद दिली होती की यंदा नुसती सिनेमाची गाणी लावून नाच नकोत, काहीतरी अभ्यासाचं हवं. मी नववीत विचारलं, काय करायचं? जीपवाल्याचा मुलगा म्हणाला, "महायुद्धाचा बोहाडा करू."

बोहाडा मी मोखाड्यात एकदा पाहिला होता. सांबळ आणि पिपाणी वाजत असते, आणि एकेक सोंग मुखवटा घालून येतं, नाचतं, जातं. आधी गणपती, मग बाकीचे देव, राक्षस. शेवटी देव आणि राक्षस यांची लढाई. गावोगावची माणसं त्याला लोटतात. ज्या घराकडे ज्या सोंगाचा मान असतो ते घर तो पिढ्यान्‌पिढ्या जपतं. त्यामुळे मला भीती वाटली. देवाच्या गोष्टीची आपण शाळेत थट्टा केली असं कोणाला वाटलं तर?

"माझे आजाला इचारू," मुलगा म्हणाला. त्याचे आजोबा मुखवटे बनवायचे.

रविवारी चारपाच मुलांना घेऊन मी त्यांच्या पाड्यावर गेले. आजोबा अंगणात बसून बांबूच्या कामट्या तासत होते. मी सगळं सांगितलं. ते कामटी तासता तासता ऐकत होते.

"बाबा, यात काही वावगं तर नाही ना?" मी विचारलं.

"देवाचा मुखवटा घेतला तर वावगा," ते म्हणाले. "देवाचा घ्यायचा नाय. तुमी तुमचे देशाचे बनवा. कागदाचा लगदा करा, खळ घाला, मी दावतो. पूजा करायची नाय, मान धरायचा नाय. पोरांचा खेळ आहे तो." मग कामटी बाजूला ठेवून त्यांनी मला विचारलं, "पन बाई, राक्षस कंचा?"

"म्हणजे?"

"राक्षसाचा तोंड निराळा करावा लागतो. दात, डोळं, रंग. तुमचे लढाईत राक्षस कंचा, ते सांगा, म्हंजे मला साचा करता येईल."

मुलांनी माझ्याकडे पाहिलं. मी आजोबांकडे पाहिलं. बी.ए.ला इतिहास, एम.ए.ला इतिहास शिकले होते. तरी मी एवढंच म्हणाले, "विचार करून सांगते."

"सांगा," ते म्हणाले आणि पुन्हा कामटी उचलली. "घाई नाय."

सोमवारी मी तो प्रश्न वर्गापुढे टाकला. आम्ही चिठ्ठ्या टाकून देश वाटून घेतले होते. प्रत्येक देशाला पाचसहा जण. मी म्हणाले, ज्याला त्याला आपल्या देशाची बाजू मांडायची आहे. मग ठरवू.

ऑस्ट्रियावाले म्हणाले, आमचा युवराज मारला, आम्ही गप्प बसायचं? सर्बियावाले म्हणाले, मारणारा आमच्या बाजूचा असेल, पण आमच्या राजाने थोडंच पाठवलं होतं? रशियावाले म्हणाले, सर्बिया आमचा भाऊ आहे. जर्मनीवाले म्हणाले, आम्ही ऑस्ट्रियाला शब्द दिला होता, शब्द मोडायचा का? फ्रान्सवाल्यांना मी त्यांचं जुनं दुखणं आधीच सांगून ठेवलं होतं, ते तावातावाने म्हणाले, जर्मनीने मागच्या लढाईत आमचा मुलूख घेतला, तो आधी परत करा!

बेल्जियम आलं होतं खो-खोच्या कप्तानला. इतका लहान देश मिळाला म्हणून ती आधी दोन दिवस फुगून बसली होती. आता ती उभी राहिली.

"मी कोनाला काय केला?" ती म्हणाली. "मी माझे घरात बसली व्हती. जर्मनीला फ्रान्सला मारायचा व्हता तर माझे अंगणातून का गेला?"

"जवळचा रस्ता व्हता," जर्मनीचा एक मुलगा पुटपुटला.

"मंग इचारायचा ना!"

"इचारला व्हता. तू नाय म्हनली."

"नाय म्हनली तर नाय!"

ती इतकी खरी चिडली होती की मला मध्ये पडावं लागलं. पण मनातून मला नाचावंसं वाटत होतं. हीच मुलं आठवड्यापूर्वी एका सुरात 'हो बाई' म्हणत होती. आता घंटा झाली तरी कोणी उठेना. मधल्या सुट्टीत खिचडीच्या रांगेत रशिया आणि ऑस्ट्रिया भांडत होते, आणि हातात थाळी घेऊन फ्रान्स मला विचारत होता, "बाई, महिनाभर टाइम व्हता ना त्यांना? मेल्यापासून लढाई लागेपर्यंत? मंग कोनीच कसा नाय थांबवला?"

दोन दिवस असे गेले आणि राक्षस काही ठरेना. माझ्या कॉलेजच्या प्राध्यापकांना फोन करायचं मी ठरवलं. शाळेत रेंज नसते, पाण्याच्या टाकीमागच्या टेकाडावर चढावं लागतं. माझ्यामागे अर्धा वर्ग चढला. मी स्पीकर लावला.

"सर, पहिलं महायुद्ध नक्की कोणामुळे झालं?"

तिकडून मोठं हसू आलं. "अगं, तुला एम.ए.ला शिकवलंय मी!"

"हो सर. पण माझ्या मुलांना एकच नाव हवंय."

"मग त्यांना सांग, शंभर वर्षं होऊन गेली, मोठमोठे अभ्यासक अजून यावर भांडताहेत. कोणी म्हणतं जर्मनी, कोणी म्हणतं सगळेच, कोणी म्हणतं सगळे झोपेत चालल्यासारखे चालत गेले. एक नाव कुणाकडेच नाही."

फोन ठेवला. मला वाटलं मुलं हिरमुसतील. पण झालं उलटंच.

"म्हंजे पुस्तकाला पन नाय माहीत?" खो-खोची कप्तान म्हणाली. तिचे डोळे चमकत होते.

"पुस्तकाला पण नाही माहीत."

"तुमचे सरांना पन?"

"त्यांनाही नाही."

ती वळली आणि टेकाडावरून खाली ओरडली, "ए, कोनालाच नाय माहीत रे!" खाली उरलेल्या अर्ध्या वर्गाने एकच जल्लोष केला. कसला जल्लोष, ते त्यांनाही सांगता आलं नसतं. मला मात्र कळत होतं. आजवर उत्तरं नेहमी दुसऱ्या कुणाकडे असायची, आणि यांनी ती पाठ करायची. आज सगळे एका पातळीवर आले होते.

आजोबांना मी निरोप दिला की राक्षस ठरत नाही. ते दुसऱ्या दिवशी स्वतःच शाळेत आले, बगलेत गोणपाट. "राक्षसाशिवाय बोहाडा होत नाय," ते म्हणाले आणि गोणपाटातून लालभडक मुखवटा काढला. सुळे, वटारलेले डोळे, बाहेर आलेली जीभ. "मी बनवून आनला. कोनी घालायचा ते तुमी बघा."

मग आठवडाभर शाळेचा मागचा व्हरांडा लगद्याने भरून गेला. आजोबा दुपारी येत, मातीच्या साच्यावर कागद कसा थापायचा, नाक कसं उचलायचं ते दाखवत. रद्दीचे गठ्ठे संपले, जुन्या उत्तरपत्रिका संपल्या. जर्मनीला टोकदार टोप, रशियाला दाढी, इंग्लंडला मिशा. बेल्जियमचा मुखवटा सगळ्यांत लहान होणार होता, पण कप्तानने तो सगळ्यांत मोठा केला.

तालमीत राक्षसाचा प्रश्न आपोआप सुटला. ऑस्ट्रियाने तो मुखवटा उचलून सर्बियाच्या तोंडापुढे धरला, "हा तुझा." सर्बियाने रशियाच्या मागे लपून तो रशियाच्याच हाती दिला. रशियाने जर्मनीकडे, जर्मनीने फ्रान्सकडे. सांबळ वाजवणारा मुलगा वाजवायचा विसरून हसत सुटला. मी म्हणाले, "हेच ठेवायचं. अगदी असंच."

एक प्रश्न राहिला होता, तो इंग्लंडच्या गटातून आला. "बाई, तवा आपन कुठं व्हतो?"

मी सांगितलं. तेव्हा आपल्यावर इंग्रजांचं राज्य होतं. इथले लाखो शिपाई परक्या मुलखात लढायला गेले. पुष्कळ परत आले नाहीत.

"आपल्याला इचारला व्हता?"

"नाही."

मग ठरलं, इंग्लंड नाचत येईल तेव्हा त्याच्या मागे पाचवीची लहान मुलं एकमेकांच्या खांद्यावर हात ठेवून रांगेने येतील. त्यांना मुखवटे मात्र मिळाले नाहीत.

संमेलन दुपारी चारला सुरू झालं. मैदानात पालक दाटीवाटीने बसले होते, आया लेकरांना मांडीवर घेऊन, बाप्ये मागे उभे. समोर खुर्च्यांवर मुख्याध्यापक आणि जव्हारच्या प्रकल्प कार्यालयातून आलेले एक साहेब. सांबळ वाजला, पिपाणी लागली, आणि लोक सरसावून बसले. हा बाज त्यांच्या रक्तातला होता. युवराजाची मोटार म्हणजे शाळेची हातगाडी. ती चुकीच्या वळणावर थांबली तेव्हा प्रेक्षकांतून एक जीपवाले काका उठून ओरडले, "अरे, त्याला सांगा कोनीतरी!" त्यांचा मुलगाच ती हातगाडी ढकलत होता. तो इतका हसला की हातगाडी मागे नेता नेता तुळशीच्या कुंडीवर आदळली.

एकेक देश आला, नाचला, आपलं म्हणणं सांगून उभा राहिला. इंग्लंडच्या मागून पाचवीची पोरं खांद्यांवर हात ठेवून रांगेने आली. मग राक्षसाचा मुखवटा फिरू लागला. या हातातून त्या हातात, वेग वाढत गेला, सांबळही वाढत गेला, लोक टाळ्या पिटत होते. शेवटी तो खाली टाकून सगळ्यांनी पळून जायचं असं ठरलं होतं. पण जर्मनीच्या हातून तो जरा लांब उडाला, आणि कप्तानने खो-खोत गडी टिपावा तसा तो हवेत झेलला. बेल्जियमने त्याला हात लावायचाच नव्हता. ती क्षणभर थबकली. मग सरळ चालत खुर्च्यांपाशी गेली आणि साहेबांपुढे मुखवटा धरून म्हणाली, "आमच्यातला कोनी घेत नाय. तुमी घेता का, साहेब?"

मुख्याध्यापकांचा हात कपाळाला गेला. साहेबांनी मुखवट्याकडे पाहिलं, मुलीकडे पाहिलं. मग उठले, मुखवटा आपल्या तोंडासमोर धरला आणि सांबळाच्या तालावर चांगली चार पावलं नाचले. मैदानभर असा हशा उठला की पिपाणीवाल्याला पुन्हा सूर धरता येईना. शेवटी साहेबांनी मुखवटा मुख्याध्यापकांच्या मांडीवर ठेवला आणि म्हणाले, "घ्या, आता तुमच्याकडे."

नंतर चहाच्या वेळी साहेब मला म्हणाले, "मॅडम, त्या लहान मुलांना मुद्दाम चेहरे दिले नाहीत ना? फार खोल कल्पना आहे."

"साहेब, लगदा संपला होता," मी खरं ते सांगितलं. ते आधी गोंधळले, मग पोट धरून हसले.

आजोबा जाताना मला म्हणाले, "पोरं चांगली नाचली." एवढंच. पण सांबळाची लय दुसऱ्या फेरीत चुकली होती, तेही त्यांनी त्या मुलाला बाजूला घेऊन सांगितलं.

एप्रिलमध्ये वार्षिक परीक्षा झाली. इतिहास-राज्यशास्त्राच्या पेपराला नववीवर पर्यवेक्षणाला गणिताचे सर होते. मी शिक्षकखोलीत बसून सातवीच्या वह्या तपासत होते. तास होतो न होतो तोच सर घाईघाईने आले, चष्मा कपाळावर.

"अहो, तुमचा वर्ग पुरवण्या मागतोय!"

"कोण?"

"कोण काय, सहा जण! ती खो-खोवाली म्हणते, फ्रान्सची बाजू अजून राहिली आहे."

आमच्या शाळेत इतिहासाला पुरवणी कोणी मागितल्याचं मला आठवत नव्हतं, त्यामुळे कोणी शिवूनही ठेवल्या नव्हत्या. आम्ही दोघांनी कपाट उघडलं, कोऱ्या हजेरीपटातली पानं टराटरा फाडली, सरांनी त्यांवर शिक्के मारले, मी दोऱ्याचे तुकडे तोडले, आणि पानं वाऱ्याने उडू नयेत म्हणून छातीशी धरून आम्ही व्हरांड्यातून अक्षरशः पळत सुटलो.